कांदा टिकतो तो मोकळ्या हवेवर
कळवणच्या चाळीपासून शहरातल्या टोपलीपर्यंतच्या प्रवासात कांदा नेमका कुठे आणि का सडतो?

पावसाळा ऐन भरात असताना कळवण तालुक्यात कांद्याची चाळ फोडली जाते, तेव्हा आतल्या मालाचा निकाल आधी नाकाला कळतो. फळी काढताच कोरडा, किंचित उग्र वास आला तर शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आंबूस, कुजका दर्प आला तर मात्र तळाच्या थरात काय झाले असेल याचा अंदाज बांधायला वेगळ्या तज्ज्ञाची गरज नसते. मार्च ते मे या काळात काढलेला उन्हाळ कांदा चार-पाच महिने सांभाळून ठेवायचा आणि भाव बरा दिसला की ट्रॅक्टर जुंपायचा, हे या भागातील शेतीचे गणित आहे. ते गणित जुळते की फसते हे बाजारभावाइतकेच त्या वासावर अवलंबून असते.

अन्नाची नासाडी थांबवायची तर वेष्टन सुधारा, ते पर्यावरणाला घातक नसेल असे करा, असा आग्रह अलीकडे जगभर धरला जातो. त्यामागे ठोस कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकाने, उपाहारगृहे आणि घरे यांतून वाया गेले आणि त्यात घरांचा वाटा ६० टक्के होता. शेतापासून दुकानापर्यंत पोहोचण्याआधीच जे नष्ट होते, ते याहून निराळे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार ते एकूण उत्पादनाच्या सुमारे १३ टक्के भरते. साहजिकच नव्या पिशव्या, नवे थर, विघटनशील कागद आणि मक्यापासून बनवलेले प्लास्टिक यांची चर्चा सुरू होते. कांद्याच्या बाबतीत मात्र ही चर्चा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. कांदा बंद करून टिकत नाही, तो उघडा ठेवून टिकतो. त्याचे खरे वेष्टन म्हणजे त्याची स्वतःची सुकलेली पत्ती. त्यानंतर क्रम लागतो चाळीचा, आणि गोणीचा सर्वांत शेवटी.

नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला असलेला कळवण तालुका हा कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून होणाऱ्या 'कसमादे' पट्ट्याचा एक भाग. गिरणेवरील चणकापूर धरण आणि पुनद प्रकल्प यांच्या पाण्यावर येथील रब्बी उभी राहते. सप्तशृंगगडाच्या पायथ्याकडून येणाऱ्या वाटा असोत किंवा अभोणा-कनाशीकडचे रस्ते, उन्हाळा संपता संपता जागोजागी बांबूच्या आणि लोखंडी जाळीच्या लांबट चाळी भरलेल्या दिसतात. येथे रेल्वे नाही. माल रस्त्याने बाहेर पडतो. देशातील कांदा उत्पादनाचा जवळपास दोन तृतीयांश किंवा त्याहूनही मोठा हिस्सा रब्बीतला असतो आणि खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत देशाचे स्वयंपाकघर याच साठ्यावर चालते. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने देशाचा कांदा एखाद्या मोठ्या कोठारात नसून अशा हजारो शेतांच्या बांधांवर उभा असतो.

पहिले वेष्टन : पत्ती

कांदा हा जमिनीतून काढल्यावरही जिवंत असतो. तो श्वास घेतो, पाणी सोडतो, थोडी उष्णता निर्माण करतो आणि योग्य वेळ आली की कोंब काढण्याची तयारी करतो. साठवणुकीतील घट तीन वाटांनी येते : पाणी उडून आणि श्वसनामुळे होणारी वजनातील घट, सड आणि कोंब. यांतील पहिली वाट सर्वांत मोठी असते. तिचा वास येत नाही, रंग दिसत नाही. ती फक्त काट्यावर कळते.

या तिन्हींना अडवणारी पहिली भिंत म्हणजे बाहेरची कोरडी पत्ती आणि आवळून मिटलेली मान. ही भिंत काढणीच्या आधी आणि नंतरच्या पंधरा-वीस दिवसांत तयार होते. साधारण निम्म्या पिकाच्या माना पडल्या की काढणी करावी, त्याआधी किमान दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे, नत्राची मात्रा लागवडीनंतर साठ दिवसांच्या पुढे देऊ नये, ही शिफारस नवी नाही. उशिरा दिलेल्या युरियाने कांदा फुगतो, वजन भरते, पण मान जाड राहते आणि जाड मानेतून बुरशी सहज आत शिरते. काढलेला कांदा तीन ते पाच दिवस शेतातच ओळीने पसरायचा. तो असा पसरायचा की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल आणि ऊन पातीवर पडेल, कांद्यावर नाही. मग एक ते दीड इंच मान ठेवून पात कापायची आणि सावलीत आणखी दहा-बारा दिवस सुकवायचे. मान अगदी मुळापासून छाटली तर जखम उघडी राहते.

वाचताना सोपे वाटणारे हे पंधरा दिवस प्रत्यक्षात फार महाग असतात. एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून येते, मजूर मिळत नाहीत, सावलीसाठी जागा नसते. २०२५ च्या मे महिन्यात राज्यात झालेल्या जोरदार अवकाळी पावसाने पसरलेला आणि काढणीला आलेला कांदा भिजला, तेव्हा अनेकांना अर्धवट सुकलेला माल चाळीत लोटावा लागला. असा कांदा पुढे कुठल्याही गोणीने किंवा यंत्राने वाचत नाही. पत्ती सुटलेला कांदा म्हणजे झाकण नसलेला डबाच.

वाणाचाही येथे मोठा वाटा आहे. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने विकसित केलेले 'भीमा किरण' व 'भीमा शक्ती', राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचा 'अ‍ॅग्रिफाउंड लाइट रेड' आणि नाशिक जिल्ह्यात रुळलेला 'एन-२-४-१' हे रब्बीचे वाण साठवणुकीसाठी ओळखले जातात. खरिपाचा लाल कांदा कितीही देखणा असला तरी तो टिकत नाही. तो आला की विकायचा.

दुसरे वेष्टन : चाळ

कांद्याची चाळ ही गोदामासारखी दिसत नाही. तिला भिंती जवळजवळ नसतातच. ती एक मोठी जाळीदार टोपलीच म्हणावी लागेल. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच उचललेला फटींचा तळ, बाजूला बांबू किंवा लाकडी पट्ट्यांचे कूड आणि वर उतरते छप्पर. एका ओळीची ती 'एक पाखी' चाळ दक्षिणोत्तर बांधावी आणि मध्ये वाट सोडून दोन ओळींची 'दुपाखी' चाळ पूर्व-पश्चिम, असा संकेत आहे. ओळीची रुंदी साधारण चार फूट आणि कांद्याच्या थराची उंची चार ते पाच फूट. त्याहून उंच थर लावला की तळाचा कांदा वरच्या ओझ्याने दबतो आणि ढिगाच्या पोटातली गरम, दमट हवा बाहेर पडत नाही.

हे सगळे आकडे एकाच गोष्टीभोवती फिरतात. साध्या हवेत साठवण करायची तर कांद्याला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. आर्द्रता वाढली तर काळी बुरशी आणि सड, फार कमी झाली तर वजनातली घट. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि ती काही शेतकऱ्याच्या हातात नसते. त्याच्या हातात एवढेच असते की ढिगाच्या आत अडकलेली ओल सतत बाहेर पडत राहील. तळातून आत शिरलेला वारा गरम होऊन वर निघून जातो. विजेचे बिल न येता चालणारे हे यंत्र आहे. पाऊस आत येईल या भीतीने बाजू ताडपत्रीने गच्च बांधल्या की ते यंत्र बंद पडते. सडलेल्या अनेक चाळींमागे पावसाइतकीच ही ताडपत्रीही कारणीभूत असते. छपरासाठी पत्र्याऐवजी कौले किंवा सिमेंटचे पत्रे सुचवले जातात तेही याचसाठी, कारण लोखंडी पत्रा दुपारी तापतो आणि वरच्या थराला भाजून काढतो.

शीतगृह हा पर्याय ऐकायला आकर्षक वाटतो. शून्य ते दोन अंश तापमान आणि कोरडी हवा मिळाली तर कांदा महिनोन्‌महिने टिकतो हे खरे. पण १० ते २० अंशांच्या मधल्या पट्ट्यात कोंब सर्वांत वेगाने येतात. म्हणजे अर्धवट थंड ठेवलेला कांदा न थंड केलेल्यापेक्षा वाईट. शिवाय शीतगृहातून बाहेर काढलेल्या थंड कांद्यावर बाहेरच्या हवेतील बाष्प दवासारखे जमते आणि तो झपाट्याने फुटतो. विजेचा खर्च वेगळाच.

कोंबांवर दुसरा इलाज लासलगावला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे उभारलेले 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा दिली की कांद्याचा अंकुर वाढण्याची क्षमता गमावतो. कांदा किरणोत्सारी होत नाही. ही क्रिया काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतानाच करावी लागते आणि ती सड थांबवत नाही. पुढे या केंद्राचे नाव कांद्यापेक्षा २००७ पासून अमेरिकेला जाऊ लागलेल्या आंब्यामुळे अधिक गाजले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने अलीकडच्या काळात आपल्या राखीव साठ्यासाठी विकिरणाचे प्रयोग केले. २०२२ मध्ये त्याच विभागाने कांद्याच्या साठवणुकीसाठी नव्या कल्पना मागवणारी देशव्यापी स्पर्धाही जाहीर केली. चाळीत आर्द्रता आणि सडीचा वायू टिपणारे संवेदक बसवण्याचे प्रयत्नही नाशिक जिल्ह्यात झाले आहेत. कल्पना चांगली आहे, कारण ढिगाच्या पोटात एक कांदा कुजला की आठवडाभरात शेजारचे दहा कुजतात. मात्र संवेदकाने इशारा दिल्यावरही चाळ उपसून निवड करायला माणसेच लागतात.

नासाडी नेमकी किती, याबद्दल आकड्यांचा गोंधळ आहे. सरकारी निवेदनांत साठवणुकीतील नुकसान २५ ते ४० टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या देशव्यापी पाहणीत मात्र कांद्याचे नुकसान आठ टक्क्यांच्या आसपास दिसते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. लगेच विकलेला कांदा सडत नाही, त्यामुळे संपूर्ण पिकाची सरासरी कमी येते. पाच महिने चाळीत ठेवलेल्या कांद्याची गोष्ट वेगळी असते, आणि कळवणच्या शेतकऱ्याला दुसरा आकडाच भोगावा लागतो.

तो कसा, हे उदाहरणाने पाहता येईल. समजा, मे महिन्यात क्विंटलला १,२०० रुपये भाव आहे आणि शेतकऱ्याने १०० क्विंटल कांदा चाळीत भरला. तेव्हाच विकला असता तर १ लाख २० हजार रुपये आले असते. पाच महिन्यांनी ३० टक्के घट धरली तर ७० क्विंटल उरतात आणि तेवढेच पैसे मिळवण्यासाठी क्विंटलला १,७१५ रुपये भाव लागतो. घट २० टक्क्यांवर रोखता आली तर १,५०० रुपयांतच तेवढी रक्कम हाती येते. मजुरी, चाळीचा खर्च आणि अडकलेल्या पैशांवरील व्याज यात धरलेले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. अशा निर्णयांनी भाव एका दिवसात खाली येतो, तेव्हा चाळीतून वाचवलेले ते दहा टक्केच शेतकऱ्याची उशी ठरतात.

या उशीसाठी सरकारने पैसे दिलेले नाहीत असे नाही. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २५ टनांच्या कमी खर्चाच्या चाळीसाठी १ लाख ७५ हजार रुपये खर्च धरून त्याच्या निम्मे, म्हणजे ८७,५०० रुपये अनुदान ठरले होते. परंतु लोखंड, सिमेंट आणि मजुरी वाढत गेली की ठरावीक रकमेच्या अनुदानाचा खर्चातील वाटा आपोआप घटतो. अल्पभूधारक आणि आदिवासी शेतकऱ्यांची संख्या मोठी असलेल्या कळवणसारख्या तालुक्यात खर्चाचा उरलेला भागच आडवा येतो, आणि ज्याच्याकडे चाळ नाही त्याला मे महिन्याचा पडेल तो भाव घ्यावा लागतो.

तिसरे वेष्टन : गोणी

नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत कांद्याचा लिलाव बहुतांश मोकळ्या मालाचा होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुटा कांदा येतो, व्यापारी हातात घेऊन पाहतो, बोली लागते. सोलापूरसारख्या बाजारांत कांदा गोणीत येतो. इकडे मात्र बारदानाचा प्रश्न लिलावानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर उभा राहतो. तेथे ट्रॉली रिकामी होते, प्रामुख्याने महिला मजूर गोल्टी, मध्यम, मोठा आणि खाद अशी प्रतवारी करतात, गोण्या भरल्या जातात आणि सुतळीने शिवून ट्रकवर चढतात. पाच महिने सांभाळलेल्या कांद्याला या एका दिवसात सर्वाधिक मार बसतो. उंचावरून सिमेंटच्या फरशीवर पडणे, पायाखाली येणे, गोणी ओढणारा लोखंडी आकडा, मग ट्रकमध्ये एकावर एक चढवलेल्या थप्प्या. बाहेरून न दिसणारी ही मुकी जखम तीन-चार दिवसांनी, म्हणजे माल वाशीच्या किंवा दिल्लीच्या बाजारात पोहोचला की, सडीच्या रूपाने उघडी पडते.

गोणी दोन प्रकारची : तागाची आणि प्लास्टिकची जाळीदार. प्लास्टिकची गोणी स्वस्त आहे, कित्येक पटींनी हलकी आहे, पाणी धरत नाही आणि जाळीतून माल दिसतो. लाल जाळीत तो आहे त्याहून अधिक लाल दिसतो हा व्यापाऱ्याचा वरचा फायदा! तिच्या विरुद्ध बाजूला एकच, पण वजनदार गोष्ट आहे : ती एकदा फाडली की कचरा होते. तिचे धागे सुटून नाल्यात, शेतात, गुरांच्या पोटात जातात. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या एकदाच वापराच्या प्लास्टिक वस्तूंच्या यादीत ही गोणी नाही. धान्य आणि साखरेसाठी तागाच्या गोणीचा आग्रह धरणारा १९८७ चा केंद्रीय कायदा कांद्याला लागू केला गेलेला नाही.

तागाची गोणी कुजते, पुन्हा वापरता येते, हमालाच्या हातातून निसटत नाही. पण ती पाणी शोषते आणि पावसाळ्यात भिजली की कांद्याभोवती ओला फडका गुंडाळल्यासारखे होते. घट्ट विणीच्या धान्याच्या जुन्या गोण्या कांद्यासाठी वापरल्या तर हवाही कोंडते आणि आधीच्या मालातली बुरशीही सोबत येते. म्हणून 'ताग चांगला, प्लास्टिक वाईट' असा सरळ निवाडा येथे करता येत नाही. विरळ विणीची तागाची गोणी हा मधला मार्ग आहे. ती पर्यावरणाच्या दृष्टीने उजवी आणि हवेच्या दृष्टीने पुरेशी आहे. अडचण किमतीची. कांदा पिकवताना लागलेले पाणी, खत, डिझेल आणि मजुरी यांचा भार गोणीच्या भारापेक्षा कितीतरी मोठा असल्याने, जी गोणी जास्त कांदा वाचवते तीच आज तरी अधिक पर्यावरणस्नेही म्हणावी लागेल. जाळीची गोणी वापरावीच लागत असेल तर ती फाडून न टाकता उसवून परत आणण्याची व्यवस्था बाजार समित्यांना अशक्य नाही.

अशा परतीच्या व्यवस्थेचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातील टोमॅटो २० किलोच्या प्लास्टिकच्या जाळ्यांतून, म्हणजे क्रेटमधून विकला जातो. ती धुता येते, वर्षानुवर्षे फिरते, तिच्या कडा ओझे पेलतात आणि फळावर भार येत नाही. एकेकाळी या जागी लाकडी खोकी होती. कांद्यासाठी असे क्रेट महाग पडतात, कारण स्वस्त आणि वजनदार मालाला रिकाम्या क्रेटचे परतीचे भाडे परवडत नाही.

द्राक्षाची गोष्ट तर याच्या अगदी उलट. कसमादे भागात डिसेंबर-जानेवारीतच निघणारी आगाप द्राक्षे निर्यातीसाठी पूर्वशीतकरण करून, पन्हाळी पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लास्टिकच्या अस्तरात आणि गंधक-डायऑक्साइड सोडणाऱ्या पॅडसह बंद केली जातात. त्यांना शून्य अंशाच्या आसपासचे तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. एकाच शिवारातील दोन पिके, एकाला ओल कोंडून ठेवणारे वेष्टन हवे तर दुसऱ्याला ती बाहेर सोडणारे. 'शाश्वत पॅकिंग' नावाची एकच वस्तू सगळ्या भाजीपाल्याला लावू पाहणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

रेल्वेचा प्रवासही आता या साखळीत आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून १,६०० टन कांदा घेऊन एक गाडी दिल्लीच्या किशनगंज स्थानकावर पोहोचली. ट्रकपेक्षा रेल्वे स्वस्त, पण तिच्या बंद डब्यात हवा खेळत नाही. प्रवास लांबला की गोणीच्या जाळीचा उपयोग मर्यादितच राहतो.

शहरातील वाचकाच्या वाट्याला या प्रवासाचा अखेरचा टप्पा येतो, आणि तेथे सर्वांत साधी चूक होते. हातगाडीवरून दोन किलो कांदा पॉलिथिनच्या पिशवीत येतो आणि त्याच पिशवीत, गाठ मारून, ओट्याखाली आठवडाभर पडून राहतो. कळवणच्या शेतकऱ्याने पाच महिने ज्या दमट हवेशी झुंज दिली, ती येथे दोन दिवसांत तयार होते. अख्खा कांदा फ्रिजमध्ये ठेवण्यानेही तो नरम पडतो. तारेची किंवा वेताची टोपली, सावली आणि वारा एवढे त्याला पुरते. बटाटा ओल सोडतो, म्हणून तो वेगळा ठेवावा. वरच्या पत्तीवर थोडी काजळी दिसली तर ती पत्ती काढून कांदा धुऊन वापरता येतो. बुरशी आतल्या थरांत उतरली असेल किंवा कांदा दाबल्यावर मऊ लागत असेल तर तो लगेच बाजूला काढावा, नाहीतर टोपलीतही तेच होते जे चाळीच्या तळाशी होते. घेताना मोठा आणि चकचकीत कांदा शोधण्यापेक्षा आवळ मानेचा, दोन पत्त्यांचा, हातात घेतल्यावर पत्ती खुळखुळणारा मध्यम कांदा निवडावा. खळ्यावर व्यापारीही पत्ती आणि मान पाहूनच माल निवडतो.